सुटलेल्या वाचनाला सोप्या पुस्तकांची वाट

मालवणच्या दक्षिणेला तारकर्लीच्या पुढे गेले की जमीन अरुंद होत जाते. एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, या दोहोंमधल्या चिंचोळ्या पट्टीवर देवबाग वसले आहे. मुंबई-पुण्याहून तीन-चार दिवसांच्या सुटीसाठी येथे येणाऱ्यांच्या सामानात पुष्कळदा एखादे जाडजूड पुस्तकही असते. वर्षभर राहून गेलेले वाचन माडांच्या सावलीत पुरे करायचे, असा बेत असतो. पहिल्या दिवशी दहा पाने होतात. दुसऱ्या दिवशी तीच दहा पाने पुन्हा चाळावी लागतात. परतीच्या दिवशी खूण होती तिथेच राहते आणि पुस्तक पिशवीत जाते. दोष सुटीचा नसतो, वाचकाच्या बुद्धीचा तर नसतोच. तुटलेली सवय पुन्हा जोडण्यासाठी ते पुस्तक योग्य नसते, एवढेच.

‘एके काळी वाचणारे’ असा एक मोठा वर्ग आज मराठी समाजात आहे. शाळा-महाविद्यालयाच्या दिवसांत वाचनालयातून आठवड्याला दोन पुस्तके आणणारी ही माणसे नोकरी, संसार, प्रवास आणि हातातला मोबाइल यांच्या गर्दीत वाचनापासून दूर गेली. त्यांना वाचायचे नाही असे नव्हे; वाचता येत नाही, याची त्यांना खंत आहे. या खंतीपोटी ती पुन्हा सुरुवात करतात तीही एखाद्या गाजलेल्या, पुरस्कारप्राप्त, पाचशे पानी ग्रंथापासून. तो पुरा होत नाही, आणि ‘आता आपल्याच्याने होणे नाही’ ही समजूत पक्की होते. हे चक्र थांबवायचे असेल तर सोपे, मनाला विसावा देणारे पुस्तक हाती घेणे हाच राजमार्ग आहे. त्यात कमीपणा कसला?

सवय का सुटते?

बोलणे माणूस आपोआप शिकतो, वाचणे मात्र त्याला शिकावे लागते. डोळ्यांनी दिसणाऱ्या खुणांना ध्वनी आणि अर्थ जोडण्याचे काम मेंदूतील जे भाग करतात, ते मुळात त्यासाठी निर्माण झालेले नाहीत. सरावाने त्यांना ते वळण लागते, असे मेंदूविज्ञान सांगते. सरावाने आलेली गोष्ट सराव सुटल्यावर मंदावते, हे ओघानेच आले. अक्षरे वाचता येणे कायम राहते. पण पात्रे, स्थळे, मागचे प्रसंग मनात धरून ठेवत पानामागून पान पुढे जाण्याची शक्ती उतरते. संदेश, मथळे आणि चित्रफिती यांवरून नजर सरकवत नेण्याची दुसरी सवय तिची जागा घेते.

वाचनाच्या अभ्यासक मेरिअन वुल्फ यांनी २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात स्वतःचाच अनुभव नोंदवला आहे. तरुणपणी आवडलेली हरमान हेसे यांची एक गंभीर कादंबरी त्यांनी पुन्हा उघडली, तेव्हा ती त्यांना वाचवेना. वाक्ये लांबलचक आणि जड वाटू लागली. आयुष्य वाचनाच्या संशोधनात घालवलेल्या विदुषीची ही गत होती. पुढे त्यांनी दर दिवशी वीस मिनिटे असा नेम धरला आणि सुमारे दोन आठवड्यांनी जुनी लय परत आली. यातून दोन गोष्टी ध्यानात येतात. गेलेली शक्ती परत मिळते, आणि ती मिळते थोड्या थोड्या पण रोजच्या सरावाने. वुल्फ यांनी अवघड पुस्तकावरच हा प्रयोग केला. ज्यांचा तेवढा निर्धार नाही, त्यांनी हीच वीस मिनिटे सोप्या पुस्तकाला दिली तर नेम मोडण्याची शक्यता कमी.

देवबागकडेच पाहिले तर हा फरक सहज उमगतो. गावाच्या एका अंगाला खुल्या समुद्राच्या लाटा आहेत, तर दुसऱ्या अंगाला कर्लीचे संथ पाणी. वल्हे मारायला शिकणारा नदीच्या बाजूने सुरुवात करतो. त्याने समुद्राकडे पाठ फिरवली, असे कोणी म्हणत नाही. पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून ठेवलेली होडीदेखील फटी बुजवल्याशिवाय आणि जाळी नीट केल्याशिवाय कोणी पाण्यात लोटत नाही.

सोपे म्हणजे काय?

सोपे पुस्तक म्हणजे पोरकट किंवा सुमार पुस्तक नव्हे. परतणाऱ्या वाचकाच्या दृष्टीने त्याची तीन-चार लक्षणे सांगता येतील. एक, त्याचे तुकडे लहान आणि स्वतंत्र असावेत. एक लेख किंवा एक कथा एका बैठकीत संपावी. मध्ये चार दिवस गेले तरी धागा हरवत नाही, आणि ‘पुरे केले’ हे समाधान रोज मिळते. दोन, त्यातले जग ओळखीचे असावे. अनोळखी देशातली नावे आणि चालीरीती लक्षात ठेवण्यात जी शक्ती खर्च होते, ती परिचित वातावरणात वाचते. तीन, भाषा बोलीच्या जवळची असावी. चार, सांगणारा माणूस मायाळू असावा. त्याने वाचकाची परीक्षा घेऊ नये.

विसावा देणारे पुस्तक हसरेच असते, असेही नाही. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेली ‘श्यामची आई’ वाचकाला रडवते, पण ते रडणे मन हलके करणारे असते. शिवाय एका रात्री एक आठवण, अशी तिची मांडणी आहे. रोज एक प्रकरण वाचणाऱ्यासाठी ती जणू बेतूनच केलेली आहे.

आजगावचे ‘मनोरंजन’

हलक्याफुलक्या वाचनातून वाचक घडतो, हे मराठीत सिद्ध करून दाखवणारा माणूस याच किनारपट्टीतला होता. सावंतवाडीजवळच्या आजगावचे काशिनाथ रघुनाथ आजगावकर बंगाली साहित्याच्या प्रेमात पडले आणि त्यांनी ‘मित्र’ हे बंगाली आडनाव धारण केले. त्यांनी १८९५ साली सुरू केलेल्या मासिकाचे नावच ‘मनोरंजन’ होते. नावातच रंजन आहे म्हणून त्या काळी कोणी नाक मुरडले असेलही; परंतु मराठी लघुकथा घरोघरी पोहोचवण्यात आणि मध्यमवर्गीय घरातल्या स्त्रियांना वाचनाची गोडी लावण्यात या मासिकाचा वाटा मोठा होता. १९०९ साली ‘मनोरंजन’ने दिवाळी अंक काढला आणि मराठीतल्या दिवाळी अंकांची परंपरा सुरू झाली.

दिवाळी अंक हे परतणाऱ्या वाचकासाठी आजही उत्तम साधन आहे. एका अंकात कथा, लेख, व्यक्तिचित्रे, कविता आणि व्यंगचित्रे असतात. आवडेल ते वाचावे, न आवडेल ते ओलांडावे. चांगल्या लेखकाचा एखादा लेख भावला की त्याच्या पुस्तकाचा शोध आपसूक सुरू होतो. घरातल्या माळ्यावरचा जुना अंकही याला चालतो. त्यासाठी दिवाळीची वाट पाहावी लागत नाही.

किनाऱ्यावरचे कपाट

देवबागहून कर्लीच्या पलीकडे गेले की वेंगुर्ले तालुका लागतो. या तालुक्यातले आरवली हे जयवंत दळवी यांचे गाव. त्यांचे ‘सारे प्रवासी घडीचे’ हे पुस्तक वर सांगितलेल्या सर्व कसोट्यांना उतरते. कोकणातल्या एका गावातली तऱ्हेवाईक, भांडखोर, भाबडी माणसे त्यात एकामागून एक येतात. वाचक खळखळून हसतो आणि शेवटी त्या माणसांच्या ओढीने हळवाही होतो. कोठलेही पान उघडावे आणि वाचू लागावे, असे हे पुस्तक आहे. ‘ललित’ मासिकात ‘ठणठणपाळ’ या नावाने दळवींनी साहित्यिकांची जी खट्याळ फिरकी घेतली, तीही अशीच तुकड्यातुकड्यांनी वाचता येते.

सिंधुदुर्गातल्याच करूळ गावचे मधु मंगेश कर्णिक यांचा ‘कोकणी गं वस्ती’ हा सुरुवातीचा कथासंग्रह, वेंगुर्ल्यात जन्मलेल्या मंगेश पाडगावकरांची ‘बोलगाणी’, आणि देवगड तालुक्यात जन्मलेल्या विंदा करंदीकरांच्या ‘राणीची बाग’ व ‘एटू लोकांचा देश’ या बालकविता हेही याच कपाटातले. बालकविता प्रौढांनी का वाचू नयेत, याला काही उत्तर नाही. झोपण्यापूर्वी मुलांना किंवा नातवंडांना दोन कविता मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या आजी-आजोबांचे स्वतःचे वाचनही त्याच ओघात सुरू होते.

कोकणाबाहेर पाहिले तर निवड अधिकच सोपी होते. पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’ला १९६५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला; सोपे पुस्तक आणि श्रेष्ठ पुस्तक एकच असू शकते, याचा हा पुरावाच म्हणावा लागेल. पु. लं.च्या कथाकथनाच्या ध्वनिफिती ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना पानावरच्या ओळी त्यांच्याच आवाजात ऐकू येतात आणि वाचनाचा भार निम्मा होतो. चि. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ दूरदर्शनमुळे ज्या पिढीच्या ओळखीचे झाले, तिला मूळ पुस्तकांत शिरणे जड जाणार नाही. द. मा. मिरासदार आणि शंकर पाटील यांच्या ग्रामीण विनोदी कथा अर्ध्या तासात संपतात. व्यंकटेश माडगूळकरांची १९४९ साली आलेली ‘माणदेशी माणसं’ ही व्यक्तिचित्रे साध्या, थोड्या शब्दांत एकेक आयुष्य उभे करतात.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना घरातली एखादी वडीलधारी बाई ओटीवर बसून गोष्टी सांगते आहे, असे वाटते. फारसे शिक्षण न मिळालेल्या या लेखिकेने सोसलेल्या हालअपेष्टा विनोदाच्या अंगाने सांगितल्या. प्रकाश नारायण संत यांचा १९९४ सालचा ‘वनवास’ बेळगावच्या बाजूच्या सीमाभागातले बालपण आणि कानडीची छटा असलेली मराठी घेऊन येतो. आजी-आजोबांकडे राहणाऱ्या लंपनच्या डोळ्यांनी जग पाहताना वाचकाला स्वतःचे लहानपण आठवते. ज्यांना गोष्टीपेक्षा निसर्ग प्रिय आहे, त्यांनी दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ घ्यावे. त्यात महिनावार लेख आहेत. चालू महिन्याचा लेख वाचावा आणि खिडकीबाहेर पाहावे. आणि भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे ज्यांनी दहाव्या वर्षी वाचला, त्यांनी तो पन्नासाव्या वर्षी पुन्हा वाचण्यात काहीच गैर नाही. पूर्वी वाचलेले पुस्तक पुन्हा वाचणे हा परतीचा सर्वांत जवळचा रस्ता. पुढे काय घडते हे ठाऊक असल्याने मनाला धावपळ नसते, आणि मिळणारा आनंद नक्की असतो.

विसाव्याचे मोल

‘विरंगुळ्याचे वाचन’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे किंचित तुच्छतेने वापरला जातो. दुसऱ्या महायुद्धातला एक दाखला या तुच्छतेला पुरेसे उत्तर आहे. १९४३ ते १९४७ या काळात अमेरिकेतील प्रकाशकांनी आपल्या सैनिकांसाठी गणवेशाच्या खिशात मावतील अशी लहान आकाराची पुस्तके छापली. तेराशेहून अधिक पुस्तकांच्या मिळून सुमारे १२ कोटी प्रती सैनिकांपर्यंत गेल्या. त्यांत अभिजात ग्रंथ होते तसेच विनोद, साहसकथा आणि कौटुंबिक कादंबऱ्याही होत्या. ब्रुकलिनमधल्या एका गरीब कुटुंबाची साधी कहाणी सांगणारी बेटी स्मिथ यांची कादंबरी सैनिकांना इतकी भावली की, त्यांनी लेखिकेला पत्रांमागून पत्रे लिहिली. मृत्यूच्या छायेत वावरणाऱ्या तरुणांना घराची आठवण देणारे पुस्तक हवेसे वाटले, यात नवल नाही.

आजारपणातून उठलेला, जवळचे माणूस गमावलेला किंवा कामाच्या ताणाने थकलेला वाचकही अशाच अवस्थेत असतो. मन जड असताना जड पुस्तक पेलत नाही. अशा वेळी ओळखीच्या माणसांची, ओळखीच्या बोलीतली चार पाने जे करतात, ते कित्येकदा उपदेशाच्या ग्रंथांनाही साधत नाही. पुस्तक हे औषधोपचाराची जागा घेऊ शकत नाही, हे खरे. परंतु सोबत मात्र करू शकते.

नेम कसा धरावा?

जपानमधील चिबा प्रांतातल्या एका शाळेत १९८८ साली सकाळच्या दहा मिनिटांच्या वाचनाचा उपक्रम सुरू झाला आणि पुढे तो देशभरातल्या हजारो शाळांत पसरला. त्याचे नियम चारच आहेत: सर्वांनी वाचायचे, रोज वाचायचे, आवडेल ते पुस्तक घ्यायचे आणि फक्त वाचायचे. निबंध, परीक्षा किंवा सारांश यांपैकी काहीही मागितले जात नाही. हे चारही नियम घरात जसेच्या तसे लागू पडतात. ‘सर्वांनी’ हा पहिला नियम विशेष महत्त्वाचा. रात्रीच्या जेवणानंतर घरातील सर्व जण पंधरा मिनिटे आपापले पुस्तक घेऊन बसले आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत राहिले, तर नेम टिकवण्यासाठी वेगळा निग्रह लागत नाही.

पुस्तक डोळ्यांसमोर राहील अशा जागी ठेवावे. कपाटात बंद केलेले पुस्तक विसरले जाते. किती पाने झाली याचा हिशेब ठेवू नये, किती दिवस वाचले एवढेच पाहावे. तीस-चाळीस पानांत रंग भरला नाही तर पुस्तक खुशाल बाजूला ठेवावे. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांमध्ये प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, असे म्हटले आहे. एका वाचकाचे न जमलेले पुस्तक दुसऱ्या कोणाची तरी वाट पाहत असते.

पुस्तके विकतच घ्यायला हवीत असेही नाही. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ सालचे आणि सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर १८५२ सालचे. कोकणातली ही परंपरा जवळजवळ दोन शतकांची आहे. शहरांतही वाचनालयाचे सभासदत्व एका पुस्तकाच्या किमतीपेक्षा फारसे महाग पडत नाही, आणि पुस्तक परत करण्याची तारीख हा वाचनाला लागलेला सौम्य धाकच असतो. ग्रंथपालाला ‘काही हलके, मजेचे द्या’ असे मोकळेपणाने सांगावे. नेमके पुस्तक काढून देण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नाही. २०१७ साली सातारा जिल्ह्यातील भिलार येथे राज्य शासनाने ‘पुस्तकांचे गाव’ उभारले. पुढे ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांचे जन्मगाव, देवगड तालुक्यातील पोंभुर्ले, हेही याच योजनेत घेण्याचा निर्णय झाला. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या २००९ साली सुरू झालेल्या योजनेने तर पुस्तकांच्या पेट्या दुबईसारख्या दूरच्या शहरांतील मराठी कुटुंबांपर्यंत नेल्या.

पायरी आणि घर

सोप्या पुस्तकांवर घेतला जाणारा एक आक्षेप मात्र रास्त आहे. वाचक तेथेच थांबला तर? विसावा ही पायरी आहे; ती ओलांडून आत जायचे असते. त्यासाठी ‘त्याच लेखकाचे पुढचे पुस्तक’ ही युक्ती फार उपयोगी पडते. ‘सारे प्रवासी घडीचे’ वाचून हसलेल्याने दळवींची ‘चक्र’ उघडावी. मुंबईच्या झोपडपट्टीचे ते दर्शन झोप उडवणारे आहे. ‘माणदेशी माणसं’ नंतर माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ घ्यावी. ती आकाराने लहान आहे, पण दुष्काळात विस्कटत जाणारे धनगरांचे गाव वाचकाला सहजी सोडत नाही. ‘एटू लोकांचा देश’ लिहिणाऱ्या विंदांनीच तत्त्वज्ञांच्या विचारांवरचे ‘अष्टदर्शने’ हे काव्य लिहिले आणि पुढे त्यांना ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. लेखकाचा आवाज ओळखीचा झाला की त्याचे अवघड बोलणेही कानाला परके वाटत नाही. सुटीत अर्ध्यावर राहिलेला तो जाडजूड ग्रंथही असाच एक दिवस हाती येतो आणि या वेळी पुरा होतो.

मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद सर्वत्र साजरा झाला. परंतु भाषेचे आयुष्य दर्जावर अवलंबून नसते; ती घरात वाचली जाते की नाही, यावर असते. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलांना मराठी पुस्तक हाती धरलेले आई-वडील दिसलेच नाहीत, तर घरातले मराठी पुस्तकांचे कपाट त्या पिढीबरोबरच बंद होणार. ते उघडे ठेवण्यासाठी मोठ्या संकल्पांची आवश्यकता नाही. रोजची पंधरा मिनिटे आणि हसू आणणारे एक पातळसे पुस्तक, एवढ्यावर सुरुवात होते.